गोष्ट कोण सांगतंय?

[दृश्य: गोव्यातला रायबंदरचा धक्का, सकाळ. चोडणला जाणारी फेरीबोट.]

मांडवीवर अजून धुकं आहे. स्कूटर, मासळीच्या टोपल्या, शाळेची मुलं भराभर फेरीत चढतात. एक बाई मात्र धक्क्यावरच थांबते. हातात पाकीट. फेरी सुटते, ती तिथंच.

ही गोष्ट लिहायची, तर आधी ठरवायचं, सांगणार कोण?

फेरीवरच्या खलाशाला पाकीट दिसेल, आतला मजकूर नाही. वाचकालाही तेवढंच. सर्वज्ञ निवेदकाला मात्र पत्र, ते धाडणारा, दोघांची मनं, सगळंच उघडं. आपल्याकडे देवळात कीर्तनकार कृष्णाच्या मनातलं सांगतो आणि त्याच दमात समोरच्या श्रोत्यांशी बोलतो, तसा हा.

आणि बाईनंच सांगितलं तर? ‘मी थांबले.’ दोनच शब्द, पण बोलणारी बाई आहे हे कळून चुकलं. प्रमाण मराठीत ‘मी’ लिहिणाऱ्याला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, थांबलो की थांबले.

‘करमणूक’ साप्ताहिक १८९० साली निघालं. त्यातून हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः आली, ती नायिका यमूच्या तोंडून. पुरुष लेखकानं एका मुलीचा, पुढे विधवेचा ‘मी’ घेतला. बाहेरून सांगितली असती, तर यमूची नुसती कीव आली असती, असं मला वाटतं. तिच्या तोंडून ऐकताना आपणच त्या घरात कोंडले जातो.

‘मी’ खोटंही बोलतो. बाई म्हणेल, पाकिटात विजेचं बिल होतं. दोन पानांनी तीच सांगेल, ते मी तीनदा वाचलं. विजेचं बिल तीनदा कोण वाचतं? इथं वाचक सावध होतो. हा अविश्वसनीय निवेदक.

शिवाय अख्ख्या गावाचा आवाज असतो. मराठीत त्याला दोन सर्वनामं आहेत, हे आपलं मोठं भाग्य. ‘आम्ही तिला रोज बघायचो’ म्हटलं, की वाचक बाहेर राहतो. ‘आपण तिला रोज बघतो’ म्हटलं, की तोही धक्क्यावर येऊन उभा.

[दृश्य: चोडणहून फेरी परतते.]

फेरी पुन्हा लागली. बाई अजून तिथंच आहे. आपण सगळे बघतो आहोत. तिला कुणी काही विचारलेलं नाही.