स्वस्थ पडलेल्या मेंदूची खरखर

(दृश्य: एमआरआयच्या नळीत सरकणारा माणूस. मशीनची ठकठक.)

आत झोपलेल्या माणसाला एकच काम दिलंय: काही करायचं नाही. हलायचंही नाही.

1995 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये संशोधक भारत बिस्वाल अशाच स्वस्थ पडलेल्या लोकांच्या स्कॅनमधली खरखर तपासत होते. खरखर म्हणजे गाळून टाकायची गोष्ट. पण हिच्यात ताल होता. बोटं हलवताना कामाला लागणारा मेंदूचा डावा भाग आणि त्याचा उजवा जोडीदार, दोघांचे सिग्नल बोटं निवांत असतानाही बरोबरीनं चढत होते, बरोबरीनं उतरत होते. एकेक लाट दहा सेकंदांहूनही लांब. हा श्वासाचा नाहीतर नाडीचा परिणाम असेल, असं तेव्हा अनेकांना वाटलं. आज या जुळणीला फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणतात आणि तिच्यावर एक अख्खं संशोधनक्षेत्र उभं आहे.

(दृश्य: संध्याकाळ. समोरासमोरच्या दोन घरांत दिवे लागतात.)

दोन घरांत एकाच वेळी दिवे लागले, म्हणून त्यांच्यात वायर आहे असं होत नाही. अंधार दोघांकडेही पडलेला असतो. मेंदूचे रंगीत नकाशे बघताना हे विसरायला होतं. शिवाय हे मशीन पेशींची वीज मोजतच नाही. ते रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक टिपतं, आणि पेशी कामाला लागल्यावर चार-पाच सेकंदांनी ते रक्त पोचतं. त्यात डोकं मिलिमीटरपेक्षाही कमी हललं, तरी नसलेली जुळणी दिसू लागते. 2012 च्या सुमाराला हे उघड झालं, तेव्हा अनेक जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले.

मग थेट पेशींजवळच का जाऊ नये?

(दृश्य: सिलिकॉनच्या सुयांची चौकोनी चकती, अगदी जवळून.)

मेंदूत बसवायच्या शंभर सुया, चार मिलिमीटरची चकती. पेशींची वीज ऐकायला कान तिखट, पण मेंदू जेलीसारखा मऊ आणि सिलिकॉन त्याच्या कोट्यवधी पटींनी ताठ. प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक श्वासाला मेंदू किंचित हलतो. सुई हलत नाही. ती टोचत राहते, आणि मेंदूच्या आधारपेशी तिच्याभोवती व्रणाचं कुंपण घालतात. महिने सरतात तसा आवाज क्षीण होत जातो.

म्हणजे अडचण आता मशीनची नाही, मटेरियलची आहे.

(दृश्य: ओल्या पृष्ठभागावर पसरणारी पारदर्शक जाळी.)

2010 मध्ये यावर एक देखणा उपाय पुढे आला. जेमतेम काही मायक्रॉन जाडीची, वीज टिपणाऱ्या इलेक्ट्रोडची जाळी. इतकी लुळी, की हातात धरता येत नाही. म्हणून तिला रेशमाच्या प्रथिनाचा आधार दिला. मेंदूवर ठेवून सलाइन सोडलं की रेशीम विरघळतं, आणि जाळी वळ्यांवर आपोआप बसते. हा प्रयोग मांजरांवर झाला. वीज वाहणाऱ्या मऊ पॉलिमरांनीही धातू आणि ऊती यांच्यातला सांधा सुधारला.

दूरचा नकाशा आणि जवळचा कान, दोन्ही एकदम मिळतील का? इथे धातू आडवा येतो. एमआरआयमध्ये धातूच्या इलेक्ट्रोडभोवती चित्र काळं पडतं, म्हणजे नेमकं जिथे बघायचं तिथेच भोक. 2020 मध्ये ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका रूपाच्या, तंतूंचे इलेक्ट्रोड उंदरांच्या मेंदूत बसवून, खोलवर विद्युत उद्दीपन देत स्कॅन घेतला गेला.

(दृश्य: राखाडी स्कॅन. तंतूची जागा दाखवणारा बाण.)

बाणाच्या टोकाशी काळं भोक नाही. तिथला मेंदूही दिसतोय.