पत्र्याखालचा मे महिना

नमस्कार, श्रोतेहो. विदर्भात आणि मराठवाड्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना दुपारी 12 ते 5 म्हणजे काय, हे सांगायला नको. पंखा फिरतो, पण वारा गरमच लागतो. पत्रा जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड. मेच्या उन्हात तो 65-70 अंशांपर्यंत तापतो आणि शेगडीसारखी धग खाली फेकतो. ही धग अडवायची, तर पत्र्याखाली उष्णतारोधक थर बसवायला हवा. तो कसा कापायचा आणि कसा बसवायचा, ते आज सविस्तर सांगतो.

बाजारात थर्माकोल स्वस्त मिळतो, म्हणून लोक थर्माकोलच थेट पत्र्याला चिकटवतात. त्यात तीन अडचणी आहेत. रबरी सोल्युशन लावलं की थर्माकोल विरघळतो. 80 अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, आणि तापलेला पत्रा त्याच्या फार जवळ पोहोचलेला असतो. आग लागली तर तो पेटतो आणि काळा, घातक धूर सोडतो. शिवाय उंदीर आणि मुंग्या त्यात घर करतात ते वेगळंच. म्हणून आमचा आग्रह काचेच्या लोकरीचा, म्हणजे ग्लासवूलचा. 50 मिलीमीटर जाडीचा, एका बाजूला ॲल्युमिनियमचा कागद असलेला रोल घ्या. रुंदी साधारण 4 फूट असते.

आधी गळती बंद करा. पत्र्यावर पाणी ओतून पाहा. स्क्रूचे रबरी वायसर कडक होऊन तडकले असतील तर बदला. लोकर एकदा भिजली की तिच्यातली हवा जाते, पाणी राहतं, आणि उष्णता सरळ खाली येते. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्याला भोक पाडू नका, घासू नका, त्यावर चढू नका. अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. आणि वजन पडलं की हा पत्रा अचानक मोडतो.

माप घेताना जमिनीचं माप धरू नका, पाखाच्या उताराचं धरा. 10 फूट रुंद खोलीवर एकच पाख असेल आणि त्याची उताराची लांबी 13 फूट भरत असेल, तर 130 चौरस फूट होतात. कापणीत 10 टक्के जातं, म्हणून 143 धरा.

आता बसवणीचं मुख्य. लोकर पत्र्याला टेकता कामा नये, मध्ये किमान इंचभर हवा मोकळी हवी. छताच्या आडव्या पाईपची उंची 2 इंच असेल तर त्याच्या खालच्या बाजूला 2 इंच रुंद, 1 इंच जाड लाकडी पट्टी दीड इंची सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने ठोका. एकूण खोली 3 इंच झाली. 2 इंचाची लोकर, 1 इंच हवा. तापलेल्या लोखंडाची उष्णता लाकडामुळे खोलीत कमी उतरते, हा दुसरा फायदा. पत्र्याच्या नागमोडी खाचांमधून ही हवा पाईपांवरून आढ्याकडे सरकते. म्हणून वळचणीला आणि आढ्याजवळ जाळी लावून वाट मोकळी ठेवा. सिमेंटने बुजवू नका.

कापताना लोकर फळीवर, कागदाची बाजू खाली करून पसरा. दोन पाईपांमधलं अंतर 42 इंच असेल तर लोकर साडेबेचाळीस इंच ठेवा, म्हणजे चार सूत जास्त, ती कडेला घट्ट बसते. कागद मात्र 44 इंच. म्हणून आधी 44 इंचांचा तुकडा कापा. मग दोन्ही कडांना पाऊण पाऊण इंच लोकर सुरीने कापून कागदावरून सोलून काढा. कागदाची मोकळी पट्टी शिल्लक राहते, ती लाकडी पट्टीवर दुमडून स्टेपल करायची. सुरी लांब आणि दातेरी हवी. सरळ लाकडी पट्टी लोकरीवर दाबून धरा आणि एकाच दमात ओढा. दाबलं नाही तर लोकर ओढली जाते आणि कड फाटते. बसवताना मात्र दाबू नका. 50 मिलीमीटरची लोकर 25 मध्ये कोंबली तर जवळपास निम्मा फायदा गेला.

चकचकीत कागद खोलीकडे ठेवा. रात्री पत्रा गार पडतो, स्वयंपाकाची वाफ वर जाऊन तिथे दव धरते आणि थेंब लोकरीत झिरपतात. कागद ही वाफ अडवतो, पण सांधा उघडा राहिला तर नाही. प्रत्येक सांध्यावर ॲल्युमिनियम टेप तळहाताने घासून लावा. शेवटी खालून कोंबडीजाळी ठोका, नाहीतर दोन वर्षांत तुकडे लोंबतात.

इथे फार सावध राहा, श्रोतेहो. हा कागद वीजवाहक आहे. ऑस्ट्रेलियात 2009-10 मध्ये घरांना असा थर बसवण्याच्या सरकारी योजनेत चार तरुण कामगार गेले. तिघे विजेच्या धक्क्याने, चौथा छताखालच्या उष्म्याने. म्हणून आधी मेन स्विच बंद करा, वायर वायरिंगच्या प्लास्टिक पाईपमध्ये घ्या आणि वायर जाते तिथे स्टेपल मारू नका. काम सकाळी 7 ते 10. पत्रा तापला की उतरा.

काचेचे तंतू त्वचेत टोचतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि एन-95 मास्क लागतो, तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. खाज सुटली तर आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका. जमिनीवरचे तंतू केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर जाळीखालून बोट फिरवत पाहा. कुठे कागद फुगलेला, कुठे जड झालेला वाटला, तर त्याच्या वरचा स्क्रू गळतोय. तेवढा तुकडा काढा, वायसर बदला, नवा तुकडा घाला. बाकीचं छत तसंच राहू द्या. नमस्कार.