हॉस्पिटल चालू ठेवून हॉस्पिटल पाडायचं कसं

हे चित्र आधी नीट बघून घ्या. काचेची उंच बिल्डिंग, पुढे हिरवळ, हिरवळीवर चांगली मोठी झालेली झाडं जी अजून लावलेलीच नाहीत, आणि आकाशात तीन पक्षी, असे फ्लेक्स करणाऱ्यांकडे पक्षी रेडीच ठेवलेले असतात बहुतेक. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक शब्द आहे, कॅमेरा पार जवळ नेला तेव्हा वाचता आला. संकल्पचित्र.

हॉस्पिटलच्या गेटवर असा बोर्ड लागला की लोकांना वाटतं, चला, प्लॅन कळला. पण बोर्डवर असतं ते शेवटचं चित्र. त्याच्या आधीची जी काही वर्षं जाणार, त्यात ओपीडी कुठे बसणार, डायलिसिसवाल्यांनी कुठल्या गेटनं यायचं, बाळंतपणाचा वॉर्ड कधी आणि कुठे हलणार, ते कुठेच लिहिलेलं नसतं. हा व्हिडिओ त्या मधल्या वर्षांबद्दल आहे. बिल्डिंग कशी दिसणार ते बोर्ड सांगतोच आहे.

आता आत जाऊ. हा जुना वॉर्ड. एवढा लांब की या टोकाहून त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही, दोन्ही भिंतींना बेडच्या रांगा, आणि बेडच्या मागे माणसापेक्षा उंच खिडक्या, समोरासमोर. अशी बांधणी कोणाच्या लहरीतून आलेली नाही. पॅरिसचं ओतेल द्यू हॉस्पिटल 1772 मध्ये मोठ्या आगीत जळालं, तिथे एकेका बेडवर तीन-तीन चार-चार पेशंट ठेवायचे, आणि ते पुन्हा कसं बांधायचं यावरून जो वाद पेटला त्यातून सुट्या सुट्या, हवेशीर इमारतींची कल्पना पुढे आली. मग 1859 मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेलनं हॉस्पिटलच्या बांधणीवर सविस्तर लिहिलं, वॉर्डात साधारण तीसच बेड, खिडक्या समोरासमोर, एका बाजूनं हवा आत आणि दुसरीकडून बाहेर. लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल 1871 मध्ये याच पद्धतीनं उभं राहिलं आणि मग जगभर हाच नकाशा गिरवला गेला.

गंमत म्हणजे नाइटिंगेलबाईंचं कारण चुकलेलं होतं. रोग घाण हवेनं होतात असा तेव्हाचा समज, जंतूंची भानगड अजून सिद्ध व्हायची होती. पण खिडक्या बरोबर निघाल्या. पेरूमधल्या लिमा शहरात आठ हॉस्पिटलांमध्ये हवा मोजली गेली, 2007 मध्ये ते छापून आलं, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या तर जुन्या उंच छताच्या वॉर्डांमध्ये तासाला साधारण 40 वेळा हवा बदलत होती, नव्या बांधणीच्या वॉर्डांमध्ये 17 वेळा. टीबीच्या वॉर्डात हा फरक लहान नाही. तेव्हा जुनं म्हणजे टाकाऊ असं आमचं अजिबात म्हणणं नाही, हा वॉर्ड बघताना तर नाहीच.

मग पाडायचं कशाला? कॅमेरा वर घ्या.

हा काळपट पट्टा दिसतोय तो ओलीचा. त्याच्या शेजारी गिलावा फुगलाय, आणि तिथे, पंख्याच्या दांड्याजवळ, सळई उघडी पडलीय. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्यापेक्षा बरीच जास्त जागा मागतं, आणि आतून ढकलून काँक्रीट फोडतं. काँक्रीट फुटलं की ओल अजून आत, की अजून गंज. वरून रंग मारला की वर्षभर छान दिसतं, आत काम चालूच असतं. इंग्लंडमध्ये किंग्ज लिन गावाच्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलचं छत एका हलक्या, बुडबुडेदार काँक्रीटचं होतं, त्याचं आयुष्य धरलं होतं तीस वर्षं. तीस वर्षं कधीच संपली, आणि मग छताला खालून हजारो टेकू लावून हॉस्पिटल चालवावं लागलं. टेकूंच्या मधून पेशंटची ट्रॉली नेतायत, असं.

आणि नुसता मजबुतीचाही प्रश्न नाही. ऑपरेशन थिएटरला वर जाडजूड हवेचे डक्ट लागतात, वायरिंग, गॅसच्या लाइनी, सगळं फॉल्स सीलिंगच्या वर मावलं पाहिजे. नंतर वाढवलेल्या ज्या बुटक्या मजल्यांच्या बिल्डिंगा आहेत, हे बघा या मधल्या, तिथे डक्ट खाली घेतला तर सर्जनचं डोकं लागेल. भूकंपाचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल 1971 च्या फेब्रुवारीत जवळपास कोरं करकरीत होतं, भूकंपात त्याचे जिने मुख्य इमारतीपासून सुटून आडवे झाले. भुजचं हॉस्पिटल 2001 मध्ये कोसळलं, नंतर जे बांधलं ते रबर आणि शिशाच्या बेअरिंगवर, म्हणजे खाली जमीन हलली तरी वरची इमारत तेवढी हलत नाही. असली बेअरिंग जुन्या इमारतीखालीही बसवतात, पण ते काम प्रचंड किचकट.

बरं. तर पाडायचं ठरलं. आता खरा विषय.

घर पाडताना आपण भाड्यानं दुसरीकडे राहायला जातो. हॉस्पिटलला जाता येत नाही. ते लहान मुलांचं खेळणं असतं ना, चौकटीत पंधरा आकडे आणि एक घर रिकामं, सरकवत सरकवत क्रम लावायचा, अगदी तसं चालतं हे. रिकामं घर असलं तरच काहीतरी हलतं. म्हणून सगळ्यात आधी उभी राहते ती चकाचक बिल्डिंग नाही तर ही, पत्र्याची, तात्पुरती, पार्किंगच्या जागेवर. पहिल्या दिवशी लोकांना दिसतं ते एवढंच की पार्किंग गेलं, आणि शिव्या सुरू होतात. शिव्या बरोबर आहेत हो, पण पार्किंग गेलं कारण ओपीडी तिथे येणार, ओपीडी येणार कारण ओपीडीची इमारत पाडल्याशिवाय नव्या बिल्डिंगचा पाया खणता येणार नाही. हे एक वाक्य गेटवर लिहिलं असतं तर वॉचमनचा अर्धा दिवस वाचला असता.

काही गोष्टी सरकतच नाहीत. ही जाड भिंत बघा, कॅन्सरच्या रेडिएशन मशीनची खोली आहे, तिला बंकरच म्हणतात. किरण जिथे थेट आदळतात तिथे काँक्रीट दोन मीटरच्या आसपास जाड असतं. हा बंकर उचलून नेता येत नाही, नवा बांधायचा, त्यात मशीन बसवायचं, मग कितीतरी आठवडे नुसतं मोजमाप, डोस बरोबर पडतोय ना याची खात्री, आणि तोपर्यंत जुन्यावर उपचार चालूच. म्हणून बऱ्याच प्लॅनमध्ये सगळं पाडून झालं तरी मधेच एक जुना तुकडा उभा दिसतो आणि लोक म्हणतात काम रखडलं. एमआरआयची तीच कथा, आतला चुंबक उणे 269 डिग्रीच्या द्रव हेलियममध्ये गार ठेवलेला असतो आणि सगळी खोली तांब्याच्या पत्र्यानं किंवा जाळीनं मढवलेली. शेजारी हादरे बसतील असं पाडकाम चालू असेल तर स्कॅन हलतो. मग काँक्रीट फोडायचा ब्रेकर कधी चालवायचा हे मुकादमानं रेडिओलॉजीला विचारायचं.

हा प्लास्टिकचा पडदा, वरपासून खालपर्यंत टेप मारलेला, आणि पडदा आतल्या बाजूला ओढला गेलाय बघा, पोटात घेतल्यासारखा. काम नीट चालल्याची ही खूण. आत पंखा लावून हवा खेचतात, फिल्टरमधून सोडतात, त्यामुळे धूळ इकडे वॉर्डाकडे येत नाही. जुनं छत फोडलं की धुळीबरोबर ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण उडतात, दोन-तीन मायक्रॉनचे, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुम्ही-आम्ही रोजच श्वासातून घेतो, काही होत नाही. ल्युकेमियाची केमो चाललेल्या पेशंटच्या फुप्फुसात तीच बुरशी वाढते. फिल्टर हेपा असावा लागतो, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा. खाली दारात चिकट मॅट, बुटाची धूळ तिथेच राहावी म्हणून. पडदा फुगून बाहेरच्या बाजूला आला, किंवा कोणीतरी शॉर्टकट म्हणून टेप काढून ठेवली, की सगळा खर्च पाण्यात. नातेवाईकांनीही हे बघून सिस्टरना सांगायला हरकत नाही, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

पाण्याचं कमी दिसतं म्हणून कमी बोललं जातं. एखादा मजला रिकामा केला, नळ बंद केले, पाइपात पाणी तसंच कोमट साचून राहिलं की लीजनेला नावाचा जंतू वाढतो, त्यानं न्यूमोनिया होतो. त्यामुळे रिकाम्या मजल्यावरही कोणीतरी ठरलेल्या दिवशी जाऊन नळ सोडून येतं. हा मनुष्य तेच करतोय. कोणी नाही मजल्यावर, आणि हा एकेका बेसिनपाशी थांबून पाणी सोडतोय, वहीत टिक करतोय.

आणि ही तांब्याची पाइप, ऑक्सिजनची. वॉर्ड हलवायचा म्हणजे ही लाइन कापायची, वळवायची, पुन्हा जोडायची. जोडल्यावर प्रत्येक आउटलेटला खरंच ऑक्सिजनच येतोय का हे मशीन लावून तपासायचं, पाइपचा रंग बघून नाही. सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम्ब हॉस्पिटलमध्ये नव्या ऑक्सिजन आउटलेटमधून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तो वायू, येत होता, 2016 मध्ये ते उघड झालं, एक नवजात बाळ गेलं, दुसऱ्याला कायमची इजा झाली. पुढे जाऊ.

रविवार, सकाळ. शिफ्टिंगला रविवार घेतात कारण ओपीडी बंद, लिफ्ट मोकळी. प्रत्येक पेशंटच्या मनगटावर पट्टी, केसपेपर पेशंटच्या पायाशी, ट्रॉलीवरच, वेगळा पाठवायचा नाही हा नियम. पुढे मामा, मागे सिस्टर, सलाइनचा स्टँड तिसऱ्याच्या हातात. तिकडे नव्या वॉर्डात आधीच एक सिस्टर नावं घेऊन उभी, इकडून निघालेला पेशंट तिकडे पोचला की टिक, आणि टिक झाल्याशिवाय पुढची ट्रॉली हलत नाही. त्यामुळे लिफ्टपाशी ही रांग. आयसीयूचं शिफ्टिंग आम्ही शूट केलं नाही.

बेड नंबर 14 च्या आजी. त्या निघायच्या आधी मावशींकडून खिडकीची कडी लावून घेतायत.

इथे निवेदन नाही. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत नुसता वॉर्डचा आवाज.

खिडकीवरून आठवलं. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकांचा अभ्यास 1984 मध्ये छापून आला, त्यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलची जुनी रेकॉर्ड काढून पित्ताशयाच्या ऑपरेशनचे 46 पेशंट बघितले, अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले, त्यांना जालीम पेनकिलरही कमी लागली. म्हणजे फ्लेक्सवरच्या झाडांना तसा अर्थ आहे. फक्त ती झाडं बेडवर पडल्या पडल्या दिसणार का, की फक्त ड्रोनला, हे नकाशावर आत्ताच विचारता येतं. स्लॅब पडल्यावर नाही.

तारखांचं काय? इंग्लंडमध्ये 2020 मध्ये सरकारनं सांगितलं, 2030 पर्यंत 40 नवी हॉस्पिटलं. 2025 च्या जानेवारीत वेळापत्रक बदललं, आणि त्यातल्या काहींचं बांधकाम सुरूच 2035 च्या पुढे होणार. पैसेवाल्या देशात हे, तर एकच शेवटची तारीख छापण्याला काय अर्थ आहे ते तुम्हीच बघा. ती हुकली की लोकांचा विश्वास गेला, आणि तोपर्यंत मधे काय काय झालं ते कोणाला कळलेलंच नसतं. त्यापेक्षा पुढच्या तीन महिन्यांत काय हलणार तेवढं लावा, एका साध्या कागदावर, कुठला वॉर्ड, कुठल्या तारखेला, कुठे, आणि पुढे ढकललं तर का, आणि दर महिन्याला तो कागद बदला. असा कागद असतोच, प्रोजेक्ट ऑफिसच्या भिंतीवर आम्ही बघितला, पेनानं खाडाखोड केलेला, शूट करू दिला. हा बघा. वरून तिसरी ओळ, ओपीडी.

आता पुन्हा खाली, कॉरिडॉरमध्ये. भिंतीवर चिकटवलेला बाण, एक्स-रे, डावीकडे. त्याच्या खालून डोकावणारा जुना बाण, एक्स-रे, सरळ. त्याच्याही खाली टेपचे नुसते कोपरे उरलेत, बाण कुठल्या दिशेचा होता काही कळत नाही. हातात केसपेपर घेतलेल्या बाई दोन्ही बाण वाचतायत, मागे वळून बघतायत, आणि त्या मामांना विचारतायत. मामा हातानं दाखवतायत, उजवीकडे.