कमानीच्या पोटात

मित्रहो, दरवाजाकडे आपण समोरून बघतो. छायाचित्रंही समोरूनच काढतो. आज मी तुम्हाला तो मागून दाखवणार आहे.

पडद्यावर आहे ती इंग्लंडमधल्या बकिंगहॅम गावाजवळच्या स्टो या इस्टेटीची कमान. थॉमस पिटने 1765 मध्ये तिचा आराखडा केला. साठ फूट उंच आणि तितकीच रुंद. गावापासून दीड मैल सरळसोट रस्ता चढत टेकडीवर येतो आणि माथ्यावर ही रोमन विजयकमानीसारखी उभी. आता खांब बघा. पाहुणा येतो त्या बाजूला ते चपटे, भिंतीला चिकटवल्यासारखे. आतल्या, वाड्याकडच्या बाजूला मात्र चांगले गोल, भिंतीत अर्धे रुतलेले. सकाळच्या तिरप्या उन्हात गोल खांबाची सावली खोल पडते, चपट्याची जेमतेम रेघ उमटते. मग खर्चाचं कोरीवकाम कुणासाठी? घरमालकाने खिडकीतून बघावं म्हणून! पाहुण्याची गाडी तर कमानीखालून जातही नाही. जवळ आली की रस्ता डावीकडे वळतो आणि ती वळसा घेऊन वाड्याकडे निघते. दार म्हणून पाहिलं तर हे दार निरुपयोगी. देखावा म्हणून अव्वल.

आणि कमानीच्या दोन्ही पायांत चार-चार मजली घरं आहेत, माणसांनी राहायची. बाहेरून दगडी भारदस्तपणा, आत चिंचोळ्या खोल्या. इंग्रज जमीनदारांना समतोलाचं भारी वेड. दरवाजाच्या एका बाजूला पहारेकऱ्याची झोपडीवजा खोली बांधली की दुसऱ्या बाजूला हुबेहूब तशीच हवी. बऱ्याच ठिकाणी त्या दोन्ही एकाच कुटुंबाच्या वाट्याला यायच्या. एकीकडे चूल, दुसरीकडे अंथरूण. पावसाळी रात्री पोराला काखोटीला मारून रस्ता ओलांडायचा आणि झोपायला जायचं. नकाशावर हे फार सुंदर दिसतं, एवढं खरं.

आता ब्लेनहाइम, ऑक्सफर्डजवळचा राजवाडा. माझा सगळ्यात आवडता दरवाजा इथला पूर्वेचा. वास्तुकार जॉन व्हॅनब्रू, मूळचा नाटककार, आणि ते लपत नाही. भिंती वर जाताना अगदी किंचित आत घेतल्या आहेत. मापाची दोरी नसेल तर कळणारही नाही, पण खाली उभं राहून वर बघितलं की आहे त्याहून उंच वाटतो. राजवाड्याचं नव्हे, किल्ल्याचं दार वाटावं असा. व्हॅनब्रूला व्यवहार कळत नव्हता असं त्याचे टीकाकार म्हणत. त्यांनी या दरवाजाच्या डोक्यावर काय आहे ते बघायला हवं होतं: पाण्याची टाकी. ग्लाइम नदीचं पाणी पुलापाशी बसवलेल्या यंत्राने वर चढवायचं, या टाकीत साठवायचं आणि उताराने वाड्यात सोडायचं. एवढी जाड भिंत केवळ ऐटीसाठी नाही. पाण्याचं वजन कुणीतरी पेलायला हवंच.

दरवाजावर एक लेख आहे. राणी ॲनने दिलेली वुडस्टॉकची जहागीर, 2,40,000 पौंडांचं अनुदान, 1705 ते 1722 हा बांधकामाचा काळ, ज्याच्यासाठी हा वाडा बांधला तो ड्यूक ऑफ मार्लबरो, त्याची पत्नी सारा आणि वास्तुकार व्हॅनब्रू, सगळे गुण्यागोविंदाने एका दगडावर. 1712 मध्ये सरकारी पैसा आटला, काम थांबलं, कारागिरांची देणी थकली, याचा त्यावर उल्लेख नाही. साराचं आणि व्हॅनब्रूचं कधीच पटलं नाही, याचाही नाही. 1716 मध्ये तो काम सोडून गेला. 1725 मध्ये लॉर्ड कार्लाइल या उमरावाच्या मंडळींबरोबर, बायकोला घेऊन, तयार वाडा बघायला आला. साराचा हुकूम होता: याला आत घ्यायचं नाही. बाकीची मंडळी वाडा बघून आली, व्हॅनब्रू पती-पत्नी गावातल्या खानावळीत बसून राहिले. पुढच्या वर्षी तो वारला.