तुटका आवाज आणि लॉगमधला कचरा

मित्रहो, वायफायवरच्या कॉलमध्ये आवाज तुटला की बहुतेक जण ‘नेट खराब आहे’ म्हणून मोकळे होतात. आपण मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे लॅपटॉपने आसपासची वायफाय देवाणघेवाण नुसती ऐकत, तिचा लॉग (नोंद) घेतो, म्हणजे आपल्या हाती पुरावा असतो. पण लॉग घेताना त्यात आपल्याकडूनही कचरा पडतो. तो ओळखता आला नाही, तर धडधाकट राउटर बदलायची पाळी येते.

आपल्या रावेर-यावलकडचं केळीचं पॅकहाउस डोळ्यांसमोर आणा. पुढे ऑफिस, मागे पत्र्याच्या भिंतींच्या शीतखोल्या. आतला माणूस वायफाय फोनवर ‘गाडी भरली’ म्हणतो आणि ऑफिसात नुसतं ‘गाडी’ ऐकू येतं. पत्रा रेडिओ लहरी अडवतो, त्यामुळे दारातून, फटीतून झिरपेल तेवढाच सिग्नल बाहेर येतो. आता तुमचा लॅपटॉप ऑफिसात आहे. राउटर त्याला खणखणीत ऐकू येतो, आतला फोन मात्र जेमतेम. म्हणजे फोनकडून येणाऱ्या कितीतरी फ्रेम (वायफायवरून जाणारे माहितीचे तुकडे) तुमच्याच लॅपटॉपला पकडता येणार नाहीत!

म्हणून चाळणीचा क्रम महत्त्वाचा. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ४ बाइटची तपासबेरीज, म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली का हे ओळखायचा आकडा, असते. ती जुळली नाही तर त्या फ्रेममधल्या पत्त्यावर, क्रमांकावर विश्वास ठेवायचा नाही. पण ती फ्रेम पुसूनही टाकू नका, बाजूला ठेवा. अशा फ्रेम कोणत्या वेळी वाढल्या, तेव्हा सिग्नल किती होता, हे पुढे कामाला येतं. मग रिट्रायची, म्हणजे पुन्हा पाठवल्याची, खूण असलेल्या फ्रेम बघा. तेच पॅकेट (फ्रेमच्या आतला आवाजाचा तुकडा) दोनदा दिसलं तर आवाज जोडताना एकदाच घ्यायचं, मात्र पुन्हा पाठवण्यात गेलेला वेळ नोंदवून ठेवायचा. आवाज अडखळण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

आता आरटीपीकडे, म्हणजे कॉलचा आवाज पॅकेटमधून पाठवायच्या पद्धतीकडे, वळू. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करायची एक रीत) सहसा २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. दर पॅकेटला क्रमांक १ ने आणि टाइमस्टँप (आवाजाच्या नमुन्यांत मोजलेली वेळ) १६० ने वाढतो. क्रमांकच मध्ये गळला, तर पॅकेट लॉगमध्ये नाही. क्रमांक ओळीने आहेत आणि टाइमस्टँपने मात्र उडी मारली, तर काहीही हरवलेलं नाही. माणूस गप्प होता आणि फोनने शांतता पाठवली नाही, एवढंच. या दोन गोष्टींची गल्लत झालेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि अशा अहवालावर खर्चाचे निर्णय होतात याची मला खरंच काळजी वाटते. आणखी एक: क्रमांक १६ बिटांचा असतो, ६५५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो. ५० च्या वेगाने हे साधारण २२ मिनिटांत घडतं. तिथे हजारो पॅकेट गळाली असं समजू नका.

आवाज परत जोडताना रिकामी जागा टाइमस्टँपप्रमाणे रिकामीच ठेवा. ती मिटवून तुकडे चिकटवले, तर बोलणं आखूड होतं. आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधीच चालवलं, तर तुटल्याच्या खुणाच पुसल्या जातात.

हे सगळं स्वतःच्या नेटवर्कवर, बोलणाऱ्यांना सांगूनच करायचं. डब्ल्यूपीए२ प्रकारच्या वायफायचं कुलूप उघडायला पासवर्ड लागतो, शिवाय फोन नेटवर्कला जोडला जातानाची देवाणघेवाणही लॉगमध्ये लागते. तेव्हा लॉग आधी सुरू करा, फोन मागून जोडा. कॉलला एसआरटीपी, म्हणजे आरटीपीचा कुलूपबंद प्रकार, असेल तर फार उत्तम. त्यात बोलणं झाकलेलं राहतं, पण क्रमांक आणि टाइमस्टँप उघडे असतात. कुणाचं खासगी न ऐकता दोष शोधता येतो.

राहिला प्रश्न गळलेल्या पॅकेटचा. ते खरंच हरवलं, की फक्त आपल्या लॅपटॉपला दिसलं नाही? त्या क्षणी राउटरने फोनला पोच दिलेली दिसली, तर फ्रेम राउटरपर्यंत पोहोचली होती. बऱ्याच फ्रेमची पोच एकत्र जात असेल तर तिच्यातला ‘कोणती फ्रेम मिळाली’ याचा नकाशा वाचावा लागतो, ते किचकट आहे. त्यापेक्षा राउटरच्या वायरच्या बाजूला त्याच वेळी दुसरा लॉग घ्या. तिथे तो क्रमांक दिसला, तर शीतखोलीपासून राउटरपर्यंतची वाट ठीक होती. मग शोध पुढच्या टप्प्यात घ्यायचा.