ढगाआडचा चंद्र आणि कृष्णद्रव्य

श्रोतेहो, नमस्कार.

गिरगावातल्या आमच्या चाळीत आजी संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सोडत असे. श्रावण-भाद्रपदात मुंबईच्या आभाळात चंद्र दिसणे मुश्कील, त्यामुळे ती भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईची चंद्रोदयाची वेळ पाहायची, गॅलरीत येऊन पूर्वेकडच्या दाट ढगांनाच अर्घ्य द्यायची आणि मग पानावर बसायची. नागपूरच्या आत्याचा फोन त्याआधी साधारण २५ मिनिटे येऊन गेलेला असे, कारण नागपूर पूर्वेला असल्याने तिथे चंद्र तेवढा लवकर उगवतो. पण आत्याच्या चंद्रोदयावर आजीने कधी घास घेतला नाही.

हे आठवायचे कारण असे, की मी पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवते आणि मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "मॅडम, डार्क मॅटर कुणी पाहिलेलं नाही, तरी तुम्ही ते मानता. देवही कुणी पाहिलेला नाही. मग तुमचं विज्ञान आणि माझ्या आईची श्रद्धा यांत फरक काय?" वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण प्रश्न प्रामाणिक होता आणि तास संपत आल्यामुळे त्याचे उत्तर अर्धवटच राहिले. ते आज पुरे करते. डार्क मॅटर म्हणजे कृष्णद्रव्य: जे दिसत नाही, पण ज्याची गुरुत्वाकर्षणाची ओढ जाणवते, असा पदार्थ.

ज्वारीची राखण करणारा माणूस गोफण फिरवतो, तेव्हा दगडाला दोरीचा ताण धरून ठेवतो. आता काळोखी रात्र आहे आणि दगडाच्या जागी पेटता पलिता गरगर फिरतो आहे, अशी कल्पना करा. दोरी दिसत नाही, माणूसही दिसत नाही. तरी पलित्याचे वजन, वेग आणि वर्तुळाची त्रिज्या कळली, तर त्याला मध्याकडे किती जोराने ओढले जात आहे, हे वहीत मांडून काढता येते. १९३३ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहाचा असाच हिशेब मांडला. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक मेळा. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणावर तो समूह एकत्र राहिलाच नसता. पुढे १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेतल्या फिरत्या वायूचे वेग मोजले. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरचा नेपच्यून जेमतेम ५.४ किलोमीटरने; केंद्रापासून जितके लांब, तितकी चाल मंद. देवयानीच्या कडेला मात्र वेग तसा उतरत नव्हता. म्हणजे तिथे ओढ होती, आणि ती कशाची, हे दुर्बिणीत दिसत नव्हते.

तेव्हा कृष्णद्रव्य कुणाला स्वप्नात दिसलेले नाही, किंवा कुणा अधिकारी पुरुषाने सांगितले म्हणून मानलेले नाही. जमाखर्च जुळेना, म्हणून ती नोंद वहीत आली. आणि ती एकाच वहीत नाही. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानामुळे किती वाकतो, यावरून वस्तुमान मोजण्याची रीत वेगळी आहे आणि विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून, म्हणजे तेव्हापासून उरलेल्या मंद किरणांवरून, मोजण्याची रीत आणखी वेगळी. तिथेही साध्या पदार्थाच्या पाचपटीहून थोडे अधिक कृष्णद्रव्य लागते.

मला स्वतःला सर्वांत पटलेला पुरावा २००६ साली प्रसिद्ध झालेला आहे. 'बुलेट क्लस्टर' म्हणून ओळखले जाणारे दोन दीर्घिकासमूह एकमेकांना धडकून आरपार गेले. त्यांच्यातला तप्त वायू, म्हणजे साध्या पदार्थाचा मोठा हिस्सा, एकमेकांत अडखळून मागे राहिला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव असलेल्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीने तो वायू टिपला. पण प्रकाश वाकवणारी ओढ त्या वायूपाशी सापडली नाही. ती दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेली होती.

आता विद्यार्थिनीच्या शंकेत जे खरे आहे, ते मान्य करायला हवे. कृष्णद्रव्य कोणत्या कणांचे बनलेले आहे, हे आपल्याला कळलेले नाही. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जवळजवळ दीड किलोमीटर खोल, सुमारे १० टन झेनॉन भरलेली टाकी त्या कणाच्या धडकेची वाट पाहते आहे. तो कण अद्याप सापडलेला नाही. दर वेळी 'कण आमच्या अंदाजाहून क्षीण असेल' एवढेच म्हणत राहिलो, तर आपण श्रद्धेच्याच वाटेला लागू, ही भीती मला रास्त वाटते.

परंतु ही भीती ज्ञानक्षेत्राच्या आतच वावरते, हे महत्त्वाचे. १९८३ साली भौतिकशास्त्रज्ञ मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी कृष्णद्रव्य नकोच, गतीचे नियमच बदलू, असा पर्याय मांडला. त्यावर आजही शोधनिबंध लिहिले जातात आणि मिल्ग्रोम यांना कुणी पाखंडी ठरवलेले नाही. शिवाय जुना अनुभव दोन्ही बाजूंनी बोलतो. युरेनसची चाल बिघडलेली पाहून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी न दिसलेल्या ग्रहाची जागा गणिताने सांगितली आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्याच ल व्हेरिएंनी बुधाच्या चालीतल्या फरकासाठी तशाच दुसऱ्या ग्रहाचे अनुमान केले. त्याला व्हल्कन असे नावही मिळाले, खग्रास ग्रहणांमध्ये त्याचा शोध झाला, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने बुधाचा फरक ग्रहाविनाच समजावला. व्हल्कन गेला आणि त्याच्यासाठी कुणी सुतक पाळले नाही. कृष्णद्रव्य नेपच्यूनच्या वाटेने जाईल असे मला वाटते, व्हल्कनच्या वाटेने जाणे अशक्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

श्रद्धेला या मापाने मोजणे मला श्रद्धेवरही अन्यायाचे वाटते. मंगळवारी पहाटे प्रभादेवीच्या रांगेत उभी राहणारी बाई दीर्घिकांच्या चालीतली तूट भरून काढण्यासाठी तिथे आलेली नसते. तिचे मागणे वेगळे असते, तिथे मिळणारा धीर वेगळा असतो, आणि मूर्तीच्या मागे काय आहे, हे यंत्राने तपासून घ्यावे असे तिला वाटतही नाही.

म्हणूनच मला आजीची संकष्टी आठवली. ढगाआड चंद्र उगवला आहे, हे ती श्रद्धेने मानत नव्हती. ते गणित होते, गावागणिक बदलणारे, आणि ढग नसलेल्या रात्री गॅलरीतून पडताळता येणारे. कॅलेंडरची वेळ दोन-चारदा चुकली असती, तर तिने नक्की दुसरे कॅलेंडर आणायला लावले असते. उपास कशासाठी, हे मात्र कोणतेही कॅलेंडर तिला सांगत नव्हते.

पुढच्या तासाला मी फळ्यावर लिहिणार आहे, की काय दिसले तर मी कृष्णद्रव्य सोडून देईन. त्यात पहिली ओळ अशी असेल: धडकलेल्या समूहांमध्ये ती ओढ एकामागून एक ठिकाणी, दिसणाऱ्या वायूपाशीच सापडू लागली, तर. आजीसमोर असा फळा मी कधी धरला नाही. पाऊस कोसळत असला, तरी ती पळीभर पाणी घेऊन गॅलरीत यायची आणि मी तिच्या मागे कंदील धरून उभी असायचे.