तीन मिलिमीटरचा काप

सुटे भाग जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या मॉडेल किटमधली मोटार खोक्यातून बाहेर येते तेव्हा मोटारीसारखी दिसत नाही. पांढऱ्या पॉलिस्टायरीनच्या तीन-चार चौकटी, त्यांना बारीक देठांनी चिकटलेले शंभरेक भाग, क्रोमचा मुलामा दिलेली एक वेगळी चौकट, काळे टायर, पारदर्शक काचा आणि घडी घातलेला सूचनांचा कागद एवढाच ऐवज टेबलावर मांडलेला दिसतो. प्रमाण आहे 1:25, म्हणजे पाच मीटर लांबीची खरी गाडी इथे 20 सेंटिमीटरची होते. याच हिशेबाने इंजिनातली आठ मिलिमीटर जाडीची प्लगची वायर मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतकी बारीक होते, आणि बॉनेटवरच्या ओल्या रंगात बसलेला अर्ध्या मिलिमीटरचा धुळीचा कण खऱ्या गाडीवर सव्वा सेंटिमीटरच्या खड्याएवढा ठरतो. या छंदातली सारी चिकाटी या भागाकारातून येते.

वितळलेले प्लास्टिक मोठ्या दाबाखाली पोलादी साच्यात भरून हे भाग तयार होतात. साच्याची दोन अंगे जिथे मिळतात, तिथे भागावर एक उंचवट्याची रेघ राहते. मडगार्डच्या कडेवरून छताच्या खांबांपर्यंत गेलेली ही रेघ आत्ता तिरप्या प्रकाशात स्पष्ट दिसते आहे. पात्याच्या पाठीने ती हलकेच खरवडली जाते, मग 400 नंबरचा वॉटर पेपर आणि त्यानंतर 600 नंबरचा फिरवला जातो. ही रेघ तशीच ठेवून रंगवलेले मॉडेल कितीही चकचकीत झाले, तरी ते खेळण्यासारखेच दिसते.

किट सूचनांबरहुकूम न जोडता त्यात आपले बदल करण्याची रीत नवी नाही. अमेरिकेतील एएमटी ही कंपनी सुरुवातीला मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या तयार प्रतिकृती बनवत असे. 1958 साली तिने 'थ्री इन वन' किट बाजारात आणले. कारखान्यातून निघालेली, हौसेने बदललेली किंवा शर्यतीत उतरवलेली, यांपैकी कोणतीही गाडी त्या एकाच खोक्यातून बनवता येत होती आणि जादा भाग त्यातच दिलेले असत. जपानच्या तामियाने दुसऱ्या टोकाची निष्ठा दाखवली. 1976 साली आलेल्या 1:12 प्रमाणातील पोर्शे टर्बोच्या किटसाठी या कंपनीने खरी पोर्शे 911 विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून पाहिला. मूळ गाडीशी तंतोतंत इमान आणि मूळ गाडीला दिलेले नवे रूप, या दोन्ही वाटा तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. दुसऱ्या वाटेला कमी लेखणाऱ्यांनी पुढचे काम नीट पाहावे.

या गाडीचे छत खाली उतरवायचे आहे. खऱ्या गाडीवर तीन इंच, म्हणजे इथे जेमतेम तीन मिलिमीटर. प्रत्येक खांबावर मास्किंग टेपच्या दोन समांतर पट्ट्या लावल्या जातात आणि त्यांच्यामधला भाग कागदाएवढ्या पातळ करवतीने कापून काढला जातो. करवत दाबायची नसते, ती आपल्या वजनानेच चालू द्यायची असते. काप पूर्ण झाला की खरी अडचण समोर येते. पुढचे खांब मागे झुकलेले आणि मागचे पुढे झुकलेले असल्यामुळे खाली आणलेले छत आता आखूड पडते. पुढचे खांब जुळवावेत तर मागचे सुटतात. म्हणून छताचेच आडवे दोन तुकडे करून दोन्ही टोके आपापल्या खांबांवर बसवली जातात, आणि मधल्या फटीत पॉलिस्टायरीनची पट्टी घातली जाते. जवळून पाहा: सॉल्व्हंटमध्ये बुडवलेला ब्रश सांध्याला नुसता टेकला, आणि द्रव आपोआप फटीत धावत गेला. हा चिकटपणा गोंदाचा नव्हे. सॉल्व्हंट दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि तो उडून गेल्यावर तिथे एकच सलग तुकडा उरतो. सांधा पुरता सुकायला एक दिवस द्यावा लागतो, कारण घाईने भरलेली लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लेप, नंतर खचते आणि रंगाखाली खळगा दिसू लागतो.

लांबी भरून, घासून झाल्यावर राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारला जातो. बोटांना गुळगुळीत वाटलेल्या छतावर दोन ओरखडे निघाले, म्हणून लांबी आणि घासणे पुन्हा झाले. याच टप्प्यावर दरवाजे आणि डिकीच्या रेषा टोकदार हत्याराने खोल केल्या जातात. तसे केले नाही तर रंगाचे थर त्या बुजवून टाकतात.

एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या हत्यारातून, येणारा रंग पहिल्या दोन फेऱ्यांत केवळ धुक्यासारखा बसतो. रंग भरतो तो तिसऱ्या फेरीत. त्यावर पारदर्शक लॅकर चढते, आणि ते पूर्ण कडक झाल्यावर ओल्या, अत्यंत बारीक कागदाने घासून पॉलिश केले जाते. काचेभोवतीच्या पट्टीसाठी चिकट पाठीचा धातूचा पातळ पत्रा अंथरला आहे. लाकडी काडीच्या टोकाने तो घोटताच खालची उठावाची कड वर येते, आणि कोऱ्या पात्याने जादा पत्रा कापून उचलला जातो. छत उतरल्यामुळे खोक्यातली काच आता बसत नाही. नवी काच पारदर्शक पत्र्यातून कापून पांढऱ्या गोंदाने लावली आहे, कारण सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होते.

सॉल्व्हंटच्या वाफा आणि घासताना उडणारी धूळ छातीसाठी वाईट, म्हणून मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

शेल्फवर दिसणारी ही जुनी किटे संग्राहकांनी वर्षानुवर्षे न उघडता जपली आहेत. बंद खोक्यातही डिकल, म्हणजे गाडीवर चिकटवायची छापील चित्रे, पिवळी पडतात, आणि व्हिनाइलचे जुने टायर ज्या भागाला टेकून राहतात त्याचे प्लास्टिक हळूहळू खातात. ही किटे जोडण्यासाठी बनली होती.

शेवटी आठ सिलिंडरच्या इंजिनाला वायरी जोडल्या जातात. हातात फिरवायच्या ड्रिलने पाडलेली आठ भोके, आठ तारा, आणि प्रत्येक तार चिमट्याने आपल्या प्लगपर्यंत नेलेली. बॉनेट बंद केल्यावर यातले काहीच दिसणार नाही.

चौकटींवर उरलेले भाग, जुन्या रिम, नको असलेला बंपर आणि न वापरलेली काच कप्प्यांच्या डबीत जातात. या गाडीची चाकेही त्याच डबीतून आली होती.